पडण्याची तालीम

"पुन्हा," ती म्हणाली, आणि मुलगी पुन्हा चुकीची पडली.

पडली म्हणजे काय, मुलाच्या खांद्यावरून घसरत खाली आली आणि त्यालाच घेऊन गादीवर बसली. मुलगा खाली, मुलगी वर. दोघं खिदळायला लागली. त्या वयात पाठीचा कणा म्हणजे काय हे कुणाला ठाऊक असतं? तिला ठाऊक होतं. तिच्या कण्यात स्टीलची पट्टी होती आणि थंडी पडली की ती पट्टी तिच्याआधी जागी व्हायची.

हा बॅले तिचा स्वतःचा होता. बसवलेला तिने, आणि त्यातली गोष्टही तिच्यावरच बेतलेली. भर प्रयोगात जोडीदाराने तिला डोक्यावर उचललं होतं. घामाने त्याचा हात घसरला, ती पाठीवर पडली आणि तिचं नाचणं संपलं. पुढच्याच आठवड्यात ती एका मोठ्या नृत्यसंस्थेत जाणार होती. बोलावणं दोघांपैकी तिला एकटीलाच आलं होतं. त्याने काही मनाला लावून घेतलं नव्हतं हो. उलट तिच्यासाठी नवी बॅग घेऊन आला होता. ती बॅग मग हॉस्पिटलात कपडे न्यायला कामी आली.

त्यानंतर त्याने जे केलं त्याला तोड नाही. तिला उठवलं, बसवलं, न्हाऊ घातलं, चालायला शिकवलं. तिच्याशी लग्न केलं. "असा नवरा मिळायला नशीब लागतं," तिची आई येता-जाता म्हणायची. तो मान खाली घालून म्हणायचा, "हात माझाच घसरला ना, आई." ऐकणारे उलट त्यालाच धीर द्यायचे. तीसुद्धा. इतकी वर्षं ती त्याला रोज थोडं थोडं माफ करत आली होती.

त्या पडण्याबद्दल ती कधी कुणाशी बोलली नाही. आता मात्र ते तिला अंगातून काढून एकदाचं रंगमंचावर ठेवायचं होतं. बाकी सगळा नाच बसला होता. पडणं तेवढं खोटं दिसत होतं, आणि ते खोटं म्हणजे सगळंच खोटं.

"तळहाताला तेल लाव," तिने मुलाला सांगितलं. त्याने लावलं. हात खरोखरच घसरले. मुलगी सुळ्ळकन खाली आली, थेट त्याच्या छातीवर.

"ताई, एक सांगू?" मुलगा गादीवरूनच म्हणाला. "हात घसरला की ही माझ्याच अंगावर येणार. पहिल्या दिवसापासून आम्हाला तेच शिकवलंय. जोडीदारीण पडायला लागली की आपण तिच्याखाली जायचं. आता मी नाही म्हटलं तरी पाय जातातच."

"आम्हालाही तेच शिकवलं होतं," ती म्हणाली.

बोलून गेली आणि मग तिच्या ध्यानात आलं. ती स्वतः नवऱ्याच्या अंगावर पडली नव्हती. त्याच्या मागे पडली होती, रंगमंचाच्या मोकळ्या फळ्यांवर. आडवी पडल्या पडल्या तिला पहिल्यांदा दिसल्या होत्या त्याच्या टाचा. तो उभा होता. त्याच्या अंगावर साधा ओरखडासुद्धा नव्हता. हे सगळं तिला कायम आठवत होतं, पण आठवणं वेगळं आणि मांडून बघणं वेगळं. मणका मोडलेल्या माणसाला कोण कुठे उभं होतं याचा हिशोब सुचत नाही. कुणीतरी घाम म्हणालं, सगळ्यांनी घाम म्हटलं, तिनेही.

दार ढकलून नवरा आत आला. एका हातात थर्मास, दुसऱ्या हातात तिच्या पाठीसाठी गरम पाण्याची पिशवी. कधी विसरायचा नाही. "काय अडलंय?" त्याने विचारलं.

"पडणं जमत नाहीये," ती अगदी साध्या आवाजात म्हणाली. "मी पडले तशी मागे पडायला हवी. ही सारखी याच्या अंगावर येते. तू दाखवतोस?"

त्याने एवढंच म्हणावं, मला नाही आठवत. किंवा वैतागावं, ओरडावं, पिशवी आपटून निघून जावं. त्यातलं काहीही चाललं असतं. त्यावर तिने उरलेला जन्म काढला असता.

पण मुलांना शिकवण्यात त्याचा जन्म गेला होता. समोर पाऊल चुकलं की त्याला राहवायचं नाही, मग ते कुणाचं का असेना. त्याने थर्मास खाली ठेवला, पिशवी तिच्या पाठीशी नीट बसवली आणि मुलाजवळ गेला.

"अरे, तू आधी हात ढिले करतोस, म्हणून ती अंगावर येते," तो दोन्ही हात उचलल्यासारखे डोक्याच्या वर धरून म्हणाला. "आधी पाऊल काढ. एक पाऊल पुढे, तिच्याखालून निघ. मग हात."

मुलाने मुलीला उचललं. पाऊल काढलं. मग हात.

मुलगी त्याच्या मागे गादीवर धप्पकन पडली, पाठीवर, हात पसरून. मुलगा पाठमोरा उभाच. या वेळी कुणी हसलं नाही.

"पण सर," मुलगा वळून म्हणाला, "हे घसरणं नाही झालं. हे तर सोडणं झालं."

नवऱ्याचे हात अजून वरच होते. ते खाली घ्यायचं त्याला सुचलं नाही. त्याने तिच्याकडे पाहिलं. ती मुलाकडे पाहत होती.

"तसंच ठेव," ती म्हणाली. "मी अशीच पडले होते."