डुल्माआजीची मोजणी

वर्षअखेरीला सरकार देशभरातली जनावरं मोजतं. आमच्या गोबी वाळवंटात हे काम ओचिरकडे. "मेंढ्या किती?" असं विचारलं की डुल्माआजी दर वर्षी त्याला फटकारायची, "ज्याला आपली मेंढी ओळखू येत नाही, तो मोजतो! मला चेहरे ठाऊक आहेत. आकडा हवा तर जा, तूच मोज."

यंदा त्यानं पेन काढायच्या आतच ती म्हणाली, "नऊ."

"आजी, तू कधीपासून मोजायला लागलीस?" तो हसला.

"मागच्या थंडीपासून. उरल्या त्या बोटांवर मावल्या रे."

ओचिर वरमला. "देशाचं पाहिलं तर फार नाही मेली, आजी. शंभरात पाच."

"मग सगळी माझ्याच दाराशी आली का रे मरायला?"

त्यानं पेन काढलं. "मेलेल्या किती लिहू?"

"त्यांचा आकडा नाही." आजीनं त्याच्यापुढे खारा चहा ठेवला. "लिही. पांढऱ्या कानाची. तिची लेक, लंगडी. वादळात सगळ्यांच्या पुढे चालायची ती करडी..."

चहाची तिसरी किटली संपली, तेव्हाही आजी मेंढ्यांवरच होती. बकऱ्या अजून सुरूसुद्धा झाल्या नव्हत्या.