वाढवणच्या समुद्राचा कागद

“खडक झाले, मासे लागायच्या जागा झाल्या. आता पाणी लिही,” मोतीराम म्हणाला.

शितलने नकाशावरची पेन्सिल थांबवली. “पाणी काय लिहायचं, आजोबा?”

“किती खोल ते! नायतर साहेब म्हणेल, म्हातारा काठावर बसून थापा मारतो.”

चाळीस वर्षं बोटीवर तांडेल म्हणून काढलेला माणूस. दोरीला शिसं बांधून तो पाणी मापत आला होता. दोन्ही हात पसरले की दोरीची एक वाव. इथे चार, तिथे सहा, आणि मोठ्या खडकापलीकडे एकदम अकरा! तो घडाघडा सांगत होता आणि नात लिहून घेत होती.

बंदराचं भूत गावाच्या मानगुटीवर बसून दोन वर्षं झाली होती. परदेशी कंपन्यांच्या अजस्र जहाजांना म्हणे हाच किनारा हवा होता. बंदर झालं की वाढवणची मासेमारी संपली, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. मोजणीची बोट आली की सगळं गाव होड्या घेऊन आडवं जायचं, बोट पाणी न मोजताच परतायची. पण डहाणूच्या बैठकीत बंदराच्या साहेबांनी थंडपणे विचारलं होतं, “समुद्र तुमचा म्हणता, कागद कुठाय?”

बापजाद्यांनी मासे धरले. कागद कोण करत बसलंय? मोतीरामच्या ते जिव्हारी लागलं होतं.

नकाशा पुरा झाला तेव्हा सोनूबाई सुके बोंबील आवरून आत आली. नवऱ्याचं काम पाहून तिच्या कपाळाला आठी पडली.

“एवढं सगलं उतरवलंत? माझ्या बापानं माशाची जागा सख्ख्या भावाला नाय सांगितली.”

“साहेब काय मासे मारायला येणाराय?” मोतीराम हसला.

डहाणूच्या कचेरीत मात्र त्याने नकाशा बिचकतच पुढे केला. साहेबांनी कागद भिरकावला तर? पण साहेबांनी चक्क खुर्ची दिली, चहा मागवला आणि नकाशावर बोट फिरवत बराच वेळ पाहत राहिले.

“ही खोली भरतीची की ओहोटीची?”

“ओहोटीची, साहेब. भरतीला वर अडीच-तीन वाव धरा.”

“कमाल आहे तुमची!” साहेबांनी पोच दिली, वर सही-शिक्का. मोतीरामला रडूच आलं. त्या संध्याकाळी त्याने दर्याला नारळ दिला.

महिन्याभराने पुन्हा बैठकीचं बोलावणं आलं. साहेबांशेजारी दोन परदेशी पाहुणे बसले होते. भिंतीवर मोतीरामचा नकाशा झळकत होता, रंगीत, खाली त्याचं नाव. गावकऱ्यांनी त्याच्या पाठीवर थापा मारल्या. म्हाताऱ्याची छाती फुगली.

साहेब उठले. “मंडळी, मोजणीची बोट यापुढे वाढवणला येणार नाही.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. कुणी शिट्टी मारली, कुणी मोतीरामला खांद्यावर उचललं. पाहुण्यांपैकी एक जण हात पुढे करून त्याच्याकडे आला. साहेब हसत म्हणाले,

“ह्यांना तुमचे आभार मानायचेत, मोतीरामदादा. तुमच्या नकाशावरूनच बंदराची जागा नक्की झाली.”