राजकोटचं गिऱ्हाईक

शाहूपुरीतल्या गुळाच्या पेढीवर अभिनंदनचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. ऑर्कुटवर ओळख झालेल्या राजकोटच्या व्यापाऱ्यानं भाव विचारला होता. नवं गिऱ्हाईक हातचं जाऊ नये म्हणून अभिनंदननं कमी भाव त्या व्यापाऱ्याच्या स्क्रॅपबुकात लिहून टाकला आणि उत्तरासाठी तेच पान पुन्हापुन्हा उघडत बसला. उत्तराआधी फोन खणखणला. साताऱ्याचे एक जुने गिऱ्हाईक कडाडले, "पावण्याला एक भाव आन् आमास्नी दुसरा व्हय? पोरानं वाचून दाखवलं की." अभिनंदनच्या आता ध्यानात आलं. स्क्रॅपबुकातलं लिहिणं साऱ्यांना दिसतं आणि जुन्या गिऱ्हाइकांच्या पोरांना त्यानंच हौसेनं ऑर्कुटवर जोडलं होतं. शेजारी वडील बसले होते. जन्मभर टॉवेलाखाली बोटं दाबून, दुसऱ्याला कळू न देता, प्रत्येकाला वेगळा भाव सांगत आलेले. आता शिव्या पडणार म्हणून त्यानं मान खाली घातली. वडिलांनी खांद्यावरचा टॉवेल काढून कॉम्प्युटरवर पसरला. "हां," ते म्हणाले, "आता लिव."