कोरडं बाळंतपण

"कसं वाटतंय?" सिस्टरनी विचारलं.

'ड्यूटीवर आल्यासारखं,' असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण दाराशी नवरा टॉवेल घेऊन उभा होता आणि त्याच्या चेहऱ्यावर इतकी आशा होती, की ती नुसतं "छान" म्हणाली.

नववा महिना लागला होता. त्या प्रसूतिगृहात पाण्यातल्या बाळंतपणाची सोय होती. ज्यांचं ठरत नसे त्यांना आधी एकदा टबात बसून बघता येई. टब चांगला ऐसपैस. पाणी कोमट, आत बसलेल्या तिच्या छातीपर्यंत. धरायला भिंतीला दांडा, तळाला न घसरणारी चटई. आज घरी जाण्याआधी फॉर्मवर खूण करायची होती, टब की पलंग.

ती पोहायला शिकवायची. चौदा वर्षं, रोजचे सहा तास पाण्यात. बोटांच्या सुरकुत्या पूर्ण कधी जात नसत आणि केसांचा क्लोरीनचा वास कुठल्याच शांपूला दाद देत नसे. त्यामुळे तिला दिवस गेल्याचं कळल्याबरोबर सगळ्यांनी परस्परच ठरवून टाकलं. डॉक्टर म्हणाल्या, "कोचबाई, तुमचं तर घरचंच मैदान!" एरवी कशालाही चटकन हो न म्हणणाऱ्या सासूबाई म्हणाल्या, "पाण्यातच होऊ दे." ती रजेवर गेल्यापासून तर तलावावरच्या मुलांच्या आया मुद्दाम फोन करत. "पाण्यातच ना?" असं विचारत आणि उगाचच फिदीफिदी हसत.

सगळ्यांत पुढे नवरा. त्याचं चष्म्याचं दुकान होतं. गिऱ्हाइकांना जवळचा नंबर, लांबचा नंबर समजावता समजावता तो पाण्यातल्या बाळंतपणाचे फायदेही समजावू लागला होता.

तिला एकदाही कोणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं, तर तिनं सांगितलं असतं की तिला पलंग हवाय. खडखडीत कोरडा, इस्त्रीच्या चादरीचा. आयुष्यातली एवढी मोठी गोष्ट कामाच्या जागी कोण करतं? यानं लग्न दुकानाच्या काउंटरवर केलं होतं का?

"अजून एक टॉवेल आणते हं," म्हणत सिस्टर लगबगीनं वळल्या.

"धावू नका! फरशी ओली आहे!"

सिस्टर जागच्या जागी थिजल्या. बाहेरून जाणारे दोन डॉक्टरसुद्धा थबकले. तिनं जीभ चावली. आता सांगून टाकायचं, असं तिनं ठरवलं आणि मान वळवली.

नवरा शर्ट काढत होता. मग त्यानं पँट उतरवली. आत पोहायची चड्डी होती, नवीकोरी, निळी.

"सोबतीला नवऱ्यानं आत बसलेलं चांगलं असतं म्हणे," तो म्हणाला आणि डोळे मिटून टबात उतरला.

तिला काय बोलायचं होतं तेच ती विसरली. गुडघ्याच्या वर पाणी आलं की या माणसाचा चेहरा पांढराफटक पडत असे. लग्नानंतर पहिल्याच वर्षी तिनं त्याला शिकवायचा प्रयत्न केला होता. तो शिडीला मिठी मारून अर्धा तास असा ओरडला होता, की तिची बच्चेकंपनीची निम्मी बॅच दुसऱ्या दिवशी आलीच नाही. तो विषय त्यांनी पुन्हा काढला नव्हता. आणि आता तो तिच्या शेजारी बसला होता. एक हात दांड्यावर, दुसरा तिच्या हातात. पाणी छातीपर्यंत.

"तू? पाण्यात?"

"तीन महिने शिकतोय. तुमच्याच तलावावर. तू रजेवर गेलीस, दुसऱ्या दिवसापासून."

"कुठली बॅच?"

"छोटी. सहा ते आठ."

"सकाळी?"

"नाही. वय."

तिच्या डोळ्यांसमोर तलाव आला. नारिंगी फुगे दंडाला बांधलेली वीस पोरं, आणि त्यांच्यात मिशीवाला एक. काठावर ओळीनं बसलेल्या आया. फोनवर त्या का हसत होत्या ते तिला आत्ता कळलं.

"आईंना माहीत होतं?"

"ओली चड्डी कोण वाळत घालत होतं मग?"

ती हसायला लागली. पोट धरून, पाणी काठावरून सांडेपर्यंत. आणि हसता हसताच तिचे डोळे भरून आले. या माणसानं तिच्यासाठी तीन महिने नाकातोंडात पाणी घेतलं होतं. आता याला नाही कसं म्हणायचं? पण हो म्हणायचं, तर बाळंतपणाचा तो दिवस पाण्यात तिलाच काढायचा होता.

"ऐक ना," ती म्हणाली. "मला पलंग हवाय."

दांड्यावरची त्याची पकड आणखी आवळली.

"पाण्यात मी कामावर असते रे. पाण्यात मला सगळ्यांकडे लक्ष ठेवावं लागतं. त्या दिवशी मला कोणाकडेच बघायचं नाहीये. त्या दिवशी तू माझ्याकडे बघायचंस."

त्यानं मान खाली घालून पाण्याकडे पाहिलं. आता याचा चेहरा पडणार, असं वाटून तिनं त्याचा हात घट्ट धरला.

"म्हणजे," त्यानं अगदी हळू विचारलं, "मी आता बाहेर येऊ शकतो?"

तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं. खांदे कानांना टेकलेले. गाल फुगलेले. मघापासून त्यानं श्वास नुसता आत घेऊन ठेवला होता.

"बस इथेच," ती म्हणाली. मग टॉवेल घेऊन अगदी हळूहळू चालत आलेल्या सिस्टरकडे वळून तिनं सांगितलं, "फॉर्मवर पलंगाची खूण करा. पण टब अजून अर्धा तास आमच्याकडे राहू द्या, सिस्टर. याला श्वास सोडायला कोणी शिकवलंच नाहीये."