खिळा नसलेलं घर

"डोकं सांभाळा, साहेब," असं मालकीणबाईंचा दीर म्हणेपर्यंत साहेब वाकून आत गेलेसुद्धा.

दार बुटकं, चौकट जाड. नव्या माणसाला ती प्रसाद दिल्याशिवाय सोडत नसे. साहेबांनी आत येऊन टोपी काढली आणि वर बघत ते नुसतेच उभे राहिले. बराच वेळ. मालकीणबाईंनी दिराकडे पाहिलं. दिराने नजर छपराकडे वळवली.

जुन्या इमारती तपासणाऱ्या खात्यात या साहेबांना सगळे 'वाळवी' म्हणत. लाकूड जुनं आहे असं कोणी म्हणायचा अवकाश, हे आत शिरलेच. एका बड्या असामीचं पिढ्यान्पिढ्यांचं म्हणून मिरवलेलं घर त्यांनी नखाने खरवडून नवं ठरवलं होतं. पैसे तर सोडाच, चहासुद्धा ते स्वतःच्या थर्मासमधला पीत.

आणि आज सगळी वस्ती त्यांच्या एका शब्दावर अडली होती. नवा रस्ता सरळ वस्तीवरून जायचा होता. घरं, गोठे, फळबाग, सगळं सपाट होणार. वाचायची वाट एकच होती. हे लाकडी शेतघर खरोखर जुनं असेल आणि मूळ जागीच उभं असेल, तर रस्ता टेकडीमागून वळवायचा, असा नियम होता. फळबाग मालकीणबाईंच्या नवऱ्याने लावलेली. नवरा गेला, झाडं राहिली होती.

"खिळा कुठे आहे यात?" साहेबांनी विचारलं.

"एकही नाही," मालकीणबाई म्हणाल्या.

"बरोबर. नसणारच."

त्यांनी मधल्या खांबावर टिचकी मारून कान लावला. खांब अख्ख्या झाडाचा होता, दोघांच्या कवेत मावेल असा. वर तुळई. तुळईचं निमुळतं टोक खांबाच्या खाचेत बसलेलं आणि त्यातून आरपार एक लाकडी खुंटी. दोन्ही बाजूंना तिरके टेकू. भिंती नुसत्या भरीला, काठ्यांचा कूड आणि वर माती. सगळा भार सांगाड्यावर.

"भिंती उद्या पडल्या तरी हे हलायचं नाही," साहेब म्हणाले. कोणाशी बोलत होते कोण जाणे. "आधी जमिनीवर आडवं जुळवलं असेल. सांधा न् सांधा. मग सुटं केलं, आणि साऱ्या गावाने दोर लावून उभं केलं. या खुणा बघा."

खांबावर छिन्नीच्या तीन रेघा होत्या आणि टेकूवरही तशाच तीन. जोडी चुकू नये म्हणून.

"लिहिता येत नसेल त्याला," साहेब हळूच म्हणाले, "पण काय माणूस असेल!" आणि त्यांनी बैलाची मान थोपटावी तसा खांब थोपटला.

दीर स्वतः सुतार. एरवी लाकडाचा विषय निघाला की समोरच्याचं जेवण गार व्हायचं. आज त्याने तोंडात मिठाची गुळणी धरली होती.

"माळ्यावर जिना कुठून—" मालकीणबाई सांगायला लागल्या, तोवर साहेब कोपऱ्यातून वर चढत होते. वर काळोख होता, पण विजेरी त्यांच्या खिशातच राहिली. खाली दोघं पावलांचा आवाज ऐकत थांबली.

"वहिनी, पाणी द्या जरा," दीर कुजबुजला.

"मलाच हवंय," त्या म्हणाल्या. "गप्प उभे राहा, भाऊजी."

साहेब उतरले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. "धूळ," ते म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "वासे धुराने काळे झालेत, पण कीड नाही. आढ्याखाली उभं राहिलं की माणूस किती लहान असतो ते कळतं. मी नोकरीत खूप घरं पाहिली. असं नाही पाहिलं."

मालकीणबाईंच्या जिवात थोडा जीव आला.

"कोणी बांधलं?" साहेबांनी विचारलं.

"सासऱ्यांच्या आजोबांनी."

"इथेच?"

"इथेच." उत्तर जरा घाईने आलं.

साहेब मान हलवून स्वयंपाकघरात गेले. तिथे सकाळचं ऊन थेट चुलीपर्यंत आलं होतं. ते चुलीजवळच्या पाटावर बसले. थर्मास बाहेर जीपमध्येच होता.

"ताई, चहा मिळेल का? घरातला?"

मालकीणबाईंना आधी खरंच वाटेना. मग त्यांनी घाईघाईने आधण ठेवलं. अर्धा कप पिऊन झाल्यावर त्यांनी फोन काढला.

"हो, मीच. घर अस्सल आहे. एकेक सांधा बघितला... मूळ जागी ना? हो, मूळ जागीच. तसूभरही हललेलं नाही. रस्ता वळवा. माझ्या नावावर."

दिराने पुढे होऊन हात जोडले. मालकीणबाईंनी तोंडाला पदर लावला. खिडकीबाहेर फळबाग होती आणि आता ती राहणार होती. त्यांना एकदम रडूच आलं.

"तुमचे उपकार कसे फेडू, साहेब?"

"उपकार कसले? तुम्ही फार जिवापाड उभं केलंत हे." साहेबांनी कप खाली ठेवला आणि चुलीवरच्या उन्हाकडे पाहिलं. "खालच्या खोऱ्यात आम्ही या घरात राहत होतो, तेव्हा हे स्वयंपाकघर मावळतीला होतं, सकाळचं ऊन हवं म्हणून आई जन्मभर बाबांशी भांडली."