सुटा अंगठा

मुंबईच्या गोदीत बॉक्सिंग शिकून आलेला बोनकोड्याचा गोटीराम खळ्यावर तुसाचं पोतं टांगून पुतण्याला, कान्हाला, डावा हुक शिकवायचा. "जोर दंडात नाय, कमरेत हाय. टाच फिरव. आनि अंगठा बोटांवर दाबून धर. सुटा रायला का मेलास!"

बाहत्तर साली नव्या शहरासाठी जमिनी घ्यायला साहेब आले, तेव्हा गोटीराम गरजला, "कागद काढला तर जबडा फोडीन!" साहेबांनी त्याला 'गोटीरामशेठ' म्हणत खुर्ची दिली. शेठ विरघळला. वाचता येत नव्हतं, तरी चार एकरांच्या कागदावर नजर फिरवून त्याने मान डोलावली आणि डावा हात शाईच्या पॅडकडे नेला.



मागून कान्हा ओरडला, "काका, अंगठा सुटा रायला!"