निळे धागे

"रिपोर्ट वाचून नको दाखवू, बेटा. फोटो दाखव. काय आहे ते मीच सांगतो," मधुकर सर म्हणाले.

तृप्तीनं लॅपटॉप त्यांच्यापुढे सरकवला. सरांच्या मानेवरच्या गाठीचा तुकडा तिनंच तपासला होता. इंदूरच्या लॅबमधून ती आज मुद्दाम बुऱ्हाणपूरला आली होती.

लोधीपुऱ्यातल्या सरांच्या त्या खोलीत पॉवरलूमची खटखट पूर्वीसारखीच ऐकू येत होती. दर रविवारी सर इथे शाळेचा मायक्रोस्कोप घेऊन बसायचे. केळीच्या पानाचा पापुद्रा काढता काढता आठवीतल्या तृप्तीनं तीन ब्लेडं मोडली होती. सर एकदाही रागावले नव्हते. तापीच्या पाण्याच्या थेंबात पहिल्यांदा काहीतरी वळवळलं, तेव्हा ती अशी किंचाळली, की सरांच्या पत्नी अलकाताई पिठाच्या हातांनीच धावत आल्या होत्या.

"आठवतं?" सरांनी विचारलं.

"सगळं आठवतं, सर."

सरांनी चष्मा पुसला आणि ते स्क्रीनजवळ वाकले. "हे निळं म्हणजे कोलॅजन ना?"

"हो. पेशींना धरून ठेवणारे धागे."

"माझ्या गाठीला तर यांनी गोल वेढा घातलाय. बाहेर कुणीच पडलेलं दिसत नाही."

"साधी गाठ आहे, सर. कॅन्सर नाही."

सरांनी आत हाक मारली, "अलका, आज चहात साखर घाल!"

हसतच त्यांनी पुढचं बटण दाबलं. दुसरा फोटो आला. यात निळे धागे ताठ, सरळ झाले होते, गाठीतून थेट बाहेर निघालेले. त्यांच्या कडेकडेनं पेशी रांगेत पुढे निघाल्या होत्या.

"हे काय गं?"

"स्तनाची गाठ आहे. धागे असे सरळ झाले, की कॅन्सरला पसरायला वाट मिळते."

"वय किती बाईचं?"

"एकेचाळीस."

"अरेरे. तिला सांगितलं?"

"परवा कळलं तिला."

"मग तू इथे काय बसलीस? आधी तिच्या इलाजाचं बघ. मी काय, कुठे पळून चाललोय?"

तृप्तीनं हळूच लॅपटॉप मिटला.

"सोमवारी ऑपरेशन आहे तिचं. त्याआधी तिला एकदा या खोलीत येऊन बसायचं होतं, सर."